महामहिमांची थोरली बहीण

क्लोटिल्ड ऑगस्टिनने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून वाढवल्या: पावाचे आंबवण आणि धाकटी बहीण. दोन्ही नीट फुगून वर आल्या. आंबवण अजून तिच्या स्वयंपाकघरात आहे. बहीण आमच्या बेटाची गव्हर्नर जनरल झाली.

आई गेली तेव्हा क्लोटिल्ड शाळेत होती आणि युफेमिया रांगत होती. शाळा एकीलाच परवडणार होती, म्हणून थोरलीने आपली सोडली आणि आईची भट्टी पेटती ठेवली. पहाटे पाव, मग धाकटीच्या वेण्या, मग डोक्यावर टोपली घेऊन नदीपलीकडचा बाजार. या त्यागाबद्दल कुणी हळवे होऊन बोलू लागले की ती म्हणे, "त्याग कसला डोंबलाचा? मला भागाकार येत नव्हता."

युफेमियाला भागाकार येत होता. ती शिकली, मास्तरीण झाली, हेडमास्तरीण झाली. अर्ध्या बेटाला तिने पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला भिंतीकडे तोंड करून उभे केले. लग्न दोघींनीही केले नाही. एकीला वेळ नव्हता आणि दुसरीला पसंत पडेल असा नवरा, तिच्याच शब्दांत, "पाचवीच्या पुढे गेलेला सापडला नाही." ती निवृत्त होऊन घरी बसणार, एवढ्यात प्रधानमंत्र्यांचा फोन आला.

आमचा राजा समुद्रापलीकडे राहतो. कोर्टाच्या भिंतीवर तो असतो, पोस्टात असतो, एग्बर्टच्या दुकानात रमच्या बाटल्यांच्या वरही असतो. प्रत्यक्ष यायला मात्र त्याला सवड नसते. त्याच्या जागी बसायला सरकारने एक नाव सुचवायचे आणि राजाने 'अगदी माझ्या मनातले बोललात' असे म्हणायचे, अशी पद्धत आहे. राजाच्या मनात आमच्या मॉर्न सिट्रॉन गावची हेडमास्तरीण होती, हे कळल्यावर गावाने आठवडाभर ढोल वाजवले. एग्बर्टने राजाशेजारी खिळा ठोकून युफेमियाचा फोटो लावला आणि जाहीर केले, "आता राज्य आपलं!"

सगळी भानगड या एका वाक्यातून झाली.

दोन पावसाळे आधी वादळाने सिट्रॉन नदीवरचा पूल नेला होता. बसचा रस्ता पलीकडच्या काठाला येऊन थांबे आणि अलीकडे आमचे गाव. लोक दगडांवरून उड्या मारत जात. नदी फुगली की पाव शिळा होई, पोरांच्या शाळेला सुट्टी पडे, आणि आजारी माणूस खुर्चीला बांधून चौघांनी खांद्यावरून पलीकडे न्यावा लागे. एग्बर्टच्या म्हातारीला असेच नेले. ती वाचली, पण मधल्या धारेत खुर्ची कलंडली तेव्हा तिने जी किंकाळी फोडली ती एग्बर्टच्या कानातून गेली नाही. गावाने मागच्या निवडणुकीत विरोधी पक्षाचा माणूस निवडून दिला होता, त्यामुळे पुलाच्या यादीत आमचा नंबर कुठे असेल हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

त्या वर्षी संसदेच्या नव्या अधिवेशनाचे उद्घाटन झाले. हॅट, पांढरे हातमोजे आणि छातीवर पदक लावून युफेमिया उंच खुर्चीत बसली आणि सरकारने लिहून दिलेले भाषण तिने वाचले. गावाने ते एग्बर्टच्या दुकानात, रेडिओ पूर्ण मोठा करून ऐकले. शिक्षणावर झाले, केळीच्या बाजारभावावर झाले, आणि मग तो ओळखीचा, खणखणीत, पाढे म्हणून घेणारा आवाज म्हणाला: "माझे सरकार सिट्रॉन नदीवर नवा पूल बांधील."

दुकानात जो आरडाओरडा झाला त्यात भाषणाचे पुढचे कुणाला ऐकू आले नाही. लोक येऊन क्लोटिल्डच्या गळ्यात पडले. 'टांटी क्लो' म्हणजे अख्ख्या गावाची मावशी. त्या दिवशी ती गावाची राजमाता झाली.

मग एक वर्ष गेले. दुसरे गेले. नदीवर एक इंजिनीअर आला, पाण्याकडे बघून हळहळला आणि परत गेला. पूल आला नाही.

"टांटी," एग्बर्ट पाव घेताना म्हणाला, "तुझी बहीण खोटं बोलली."

"ती बोलली नाही. तिनं वाचलं."

"'माझं सरकार' म्हणाली की नाही? माझं! माझं दुकान म्हणजे मी मालक. माझी गाढवीण म्हणजे मी मालक. माझं सरकार म्हणजे?"

क्लोटिल्डने त्याचे पाव मोजून दिले. तिला स्वतःलाही आत कुठेतरी तसेच वाटत होते, हीच खरी अडचण होती. इतक्या हॅटी, इतके सलाम, दारात तलवारवाला शिपाई. एवढे सगळे असून बाईला एक पूल सांगता येत नसेल तर मग हे सगळे कशाला?

हळूहळू लोक पाव दुसरीकडून घेऊ लागले. भांडण कुणी केले नाही. चर्चमध्ये तिच्या बाकावर जागा राहू लागली, एवढेच. एका रविवारी ती दुकानावरून जाताना तिने पाहिले, राजाच्या शेजारचा खिळा मोकळा होता.

त्या आठवड्यात क्लोटिल्डने टोपलीत गरम पाव घेतले, स्कर्ट खोचून नदी ओलांडली आणि मिनीबसने राजधानीला गेली. गव्हर्नमेंट हाऊसच्या फाटकावर शिपायाने सलाम ठोकला. तिने त्यालाही एक पाव दिला.

महामहिम मागच्या व्हरांड्यात चपला काढून बसल्या होत्या. बहिणीने आणलेला पाव त्यांनी तिथेच मोडला आणि खारवलेल्या मासळीबरोबर खाऊ लागल्या.

"गाव माझ्याशी बोलत नाही, फेमी," क्लोटिल्ड म्हणाली. "तू रेडिओवर पूल कबूल केलास."

"मी वाचलं, क्लो."

"आवाज तुझा होता."

"आवाज माझा, शब्द त्यांचे. स्वल्पविरामसुद्धा त्यांचा. एक चुकीच्या जागी होता, तोही तसाच वाचला."

"मग निदान खोकायचं तरी होतंस!"

"खोकले असते तर दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असतं, महामहिमांना पूल नामंजूर."

क्लोटिल्डने आणखी एक पाव मोडून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "प्रधानमंत्री दर गुरुवारी चहाला येतो ना तुझ्याकडे? त्याला सांग."

"त्याला मी काय सांगते आणि काय नाही, हे मी आईला पण सांगितलं नसतं."

"म्हणजे सांगितलंस?"

"चहा घे."

"फेमी, मी तुझ्या वेण्या घातल्यात."

"म्हणूनच चहा घे म्हणते, दुसऱ्या कुणाला उठवलं असतं." युफेमियाने बोटे पुसली. "हे बघ, लोकांनी निवडून दिलंय त्यांना. पैसा कुठं घालायचा ते त्यांनी ठरवायचं आणि चुकलं तर लोकांनी त्यांना हाकलायचं. मी त्यात हात घातला तर मला कोण हाकलणार? मला कुणी निवडलंच नाही."

"राजानं निवडलं."

"राजाला मॉर्न सिट्रॉन नकाशात दाखव म्हणावं."

दोघी हसल्या. त्या हसण्याने क्लोटिल्डला जरा बरे वाटले, पण हसण्यावरून नदी ओलांडता येत नाही. ती रिकामी टोपली उचलून निघाली. युफेमिया तिला पायऱ्यांपर्यंत सोडायला आली आणि समोरच्या आंब्याकडे पाहत, जणू त्यालाच सांगावे तसे म्हणाली, "मला स्वतःहून कुठं जाता येत नाही, हाच जाच आहे. बोलावलं तर मात्र नाही म्हणणं शोभत नाही. आणि मी निघाले की काय लवाजमा! ज्याच्या खात्याचा विषय तो मंत्री बरोबर, पोलीस बरोबर, फोटोवाले बरोबर. मी चालले की त्यांनी मागून चालायचं. रिवाज आहे. बरं, फादरना नमस्कार सांग. चर्चला शंभर वर्षं होतायत ना यंदा?"

मिनीबस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा क्लोटिल्ड एकदम "अगं बाई!" म्हणाली. शेजारच्या बाईला वाटले, हिचे काहीतरी मागे राहिले.

चर्चच्या कमिटीत तिने उभे राहून सांगितले की शताब्दीला गव्हर्नर जनरलना बोलवा, आणि नव्या सभागृहाची कोनशिला बसवायला बांधकाम मंत्र्यांना. कमिटीत एग्बर्टही होता.

"येणार कशी?" त्याने विचारले. "तिच्या सरकारनं बांधलेल्या पुलावरून?"

"ते तिचं ती बघेल."

"नदीवरूनच परत गेली तर?"

"तर माझा पाव कुणीच घेऊ नका," क्लोटिल्ड म्हणाली. ठराव पास झाला.

शताब्दीच्या आदल्या दोन दिवसांत डोंगरावर पाऊस झाला. बुडवायला पुरे नव्हता, पण दगड पाण्याखाली गेले. सकाळी सगळे गाव ठेवणीतले कपडे घालून काठावर उभे होते. स्टीलबँड, म्हणजे लोखंडी पिंपांच्या वाद्यांचा आमचा बँड, घेऊन व्हिटालिस होता. तो निवृत्त हवालदार. गव्हर्नमेंट हाऊसकडून त्याला सूचना आली होती: महामहिमांनी गावच्या हद्दीत पाऊल ठेवताच राष्ट्रगीत वाजवावे. सूचना त्याने इस्त्री करून खिशात ठेवली होती.

पलीकडे मोटारी येऊन थांबल्या. पहिलीवर झेंडा होता. युफेमिया उतरली: पिवळा पोशाख, पिवळी हॅट, पांढरे हातमोजे. तिच्या मागून बांधकाम मंत्री थिओडोर पिलग्रिम उतरले, त्यांच्या मागे तलवारवाला अधिकारी, पोलीस आणि फोटोवाले. मंत्र्यांनी नदी पाहिली. मंत्र्यांनी घड्याळ पाहिले. मग त्यांनी आभाळाकडे हात केला, पाण्याकडे हात केला आणि शेवटी मोटारीकडे हात केला. एवढ्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते, पण हातांचे भाषण सगळ्या गावाला कळत होते: महामहिम, आपण मागे फिरू.

क्लोटिल्ड आणखी एक पाऊल पाण्याकडे सरकली. फेमी मंत्र्याचा सल्ला कधीही मोडत नसे. सल्ला मानणे हेच तर तिचे काम होते. शेजारी एग्बर्टने टोपी डोक्यावर चढवली, जणू घरी निघायचेच.

पलीकडे युफेमियाने मंत्र्याचे सगळे ऐकून घेतले. मान हलवली. अगदी सौजन्याने काहीतरी म्हणाली. नंतर बेटभर पसरले ते वाक्य असे होते: "आपल्याला हरकत नसेल तर मी देवाचं आमंत्रण मोडणार नाही. आपण मोटारीत थांबा हवं तर." मग ती खाली वाकली, बूट काढले, अधिकाऱ्याच्या हातात दिले आणि पाण्यात उतरली.

महामहिम नदीत आणि मंत्री मोटारीत, असा फोटो कोणत्याही मंत्र्याला नको असतो. पिलग्रिमसाहेब बुटांसकट उतरले. त्यांच्या मागे सगळा लवाजमा उतरला.

आता, आमच्या गावाची हद्द नदीच्या मधोमध आहे. यावरून पलीकडच्या गावाशी आमचे झिंग्यांसाठी तीन पिढ्या भांडण चालू आहे, आणि आमच्यापैकी कुणीही, झोपेतसुद्धा, ती हद्द काठावर असल्याचे कबूल करणार नाही. व्हिटालिस तर मुळीच नाही. युफेमिया मधल्या धारेत पोचली, पाणी गुडघ्याच्या वर गेले, आणि व्हिटालिसने काठी उचलली.

राष्ट्रगीत सुरू झाले.

राष्ट्रगीताला हलायचे नसते. पोलीस ताठ झाले आणि त्यांचे हात टोपीशी गेले. अधिकाऱ्याचा एक हात सलामीला गेला, दुसऱ्यात महामहिमांचे बूट होते. मंत्री छाती काढून उभे राहिले. सर्वांत पुढे युफेमिया, हातमोजे घातलेले हात सरळ खाली सोडून, नजर समोर. शाळेत प्रार्थनेला उभी राहायची तशी.

सरकारी समारंभात एकच कडवे वाजवतात. हे व्हिटालिसला कुणी सांगितले नव्हते. त्याच्या बँडच्या पोरांनी तिन्ही बसवली होती.

दुसऱ्या कडव्यात मंत्र्यांच्या डाव्या पायातला बूट निघाला. काळा, चकचकीत, इटालियन बूट त्यांच्याच समोरून सावकाश डोलत समुद्राकडे निघाला, आणि मंत्री मान न वळवता, फक्त डोळ्यांनी, त्याला निरोप देत राहिले. काठावर हसणे दाबताना निम्म्या गावाला ठसका लागला.

क्लोटिल्ड हसत नव्हती. तिला फेमीचा उजवा गुडघा माहीत होता. थंडीत तो जिन्यावरसुद्धा दगा देई. पाणी ओढत होते. पिवळ्या पोशाखाची कड ताणून एका बाजूला गेली होती. आपण बोलावले म्हणून ती तिथे आहे, ती कोलमडली तर आपल्यामुळे. आणि आपल्याला हलता येत नाही, कारण राष्ट्रगीत आहे. तिने आयुष्यात कितीदा या पोरीला बखोटीला धरून ही नदी ओलांडली होती! ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पूल गेला खड्ड्यात, ती मनात म्हणाली, देवा, माझी फेमी उभी राहू दे.

तिसरे कडवे संपले. शेवटचा ठोका हवेत असतानाच क्लोटिल्ड ठेवणीतल्या कपड्यांसकट पाण्यात शिरली. दोन पावलांवर पोचून तिला आठवले की रिवाज आहे. तिने पाण्यातच गुडघे वाकवले, तशी कमरेपर्यंत भिजली.

"महामहिम," ती म्हणाली.

"क्लो," महामहिम हसू न मोडता, ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाल्या, "धर मला. गुडघा गेला."

तिने धरले. दुसऱ्या बाजूने आणखी एक हात आला. तो एग्बर्टचा होता.

पुढचे सगळे लोकशाहीच्या रीतीने झाले. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. आमच्या विरोधी सदस्याने संसदेत प्रश्न विचारला की माननीय मंत्र्यांनी सिट्रॉन नदीची पाहणी एका पायाने केली की दोन; सभापतींनी तो प्रश्न फेटाळला, पण त्याआधी सत्ताधारी बाकांनीही हसून घेतले होते. मंत्र्यांनी उत्तर दिले की काम विचाराधीन होतेच. पुरवणी खर्चात पूल आला, मताला टाकला गेला आणि मंजूर झाला. सहीसाठी कागद युफेमियाकडे गेला आणि तिने सही केली. सही नाकारायचा अधिकार तिला आहे, असे पुस्तकात लिहिले आहे. डोंगराकडे उलटे वाहायचा अधिकारही नदीला कुणी नाकारलेला नाही.

पूल झाला. त्याच्यावर संगमरवरी पाटी आहे, तिच्यावर मंत्र्यांचे नाव आहे. सरकार म्हणाले, आम्ही बांधला. विरोधी पक्ष म्हणाला, आम्ही बांधायला लावला. दोघांचेही खरे होते. गव्हर्नर जनरलनी फीत कापली आणि दिलेले भाषण वाचले. त्यात नदीतल्या प्रसंगाचा उल्लेख नव्हता.

क्लोटिल्ड रात्रीच्या प्रार्थनेत आभार मानू लागली, तेव्हा तिची पंचाईत झाली. कुणाचे मानायचे? अखेर तिने सगळ्यांचेच मानले, मानाच्या क्रमाने: देव, मग राजा, कारण तो मधे पडला नाही, मग प्रधानमंत्री, मग पिलग्रिमसाहेब, मग विरोधी सदस्य, मग व्हिटालिस. फेमीचे नाव तिने घेतले नाही. घरच्या माणसाचे आभार मानले तर परके वाटते.

मुदत संपल्यावर युफेमिया घरी आली. बसने आली, पूल ओलांडून आली, बँड नव्हता. क्लोटिल्डने मागची खोली झाडून ठेवली होती. गुरुवारी प्रधानमंत्र्यांना काय सांगत होतीस, हे क्लोटिल्डने पुन्हा विचारले नाही, आणि तिने सांगितले नाही.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी पिलग्रिमसाहेब गावात सभेला आले. चर्चच्या नव्या सभागृहात त्यांनी पुलाबद्दल पाऊण तास भाषण केले. मग विचारले, कुणाला काही बोलायचे आहे का. युफेमिया उठली.

"मी युफेमिया ऑगस्टिन. या गावची मतदार," ती म्हणाली. "पुलाबद्दल आभार. आता मला दवाखान्याबद्दल बोलायचं आहे."

हातात कागद नव्हता. ती दवाखान्यात नसलेल्या नर्सबद्दल बोलली, असलेल्या गळक्या छपराबद्दल बोलली, शाळेच्या संडासाबद्दल बोलली, आणि एकदा जोरात, मनसोक्त, तोंडावर हात न धरता खोकली. मग केळीच्या भावावर आली आणि त्या जुन्या भाषणात केळीबद्दल जे वाचले होते त्यातले एकूण एक वाक्य कसे चुकीचे होते, ते सांगू लागली.

शेवटच्या बाकावर क्लोटिल्ड आणि एग्बर्ट बसले होते.

"फार बोलतात गं महामहिम," एग्बर्ट कुजबुजला.

"महामहिम गेल्या. ही आमची फेमी," क्लोटिल्ड म्हणाली. "बोलू दे. खूप साठलंय." आणि तिने छातीवर क्रूस केला. कितीतरी वर्षांनी त्या आवाजात त्याच आवाजाचे शब्द ती ऐकत होती, आणि त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे याविषयी तिच्या मनात काही शंका नव्हती.

पिलग्रिमसाहेब घड्याळ पाहत अर्धवट उठले होते.

"बसा हो साहेब," क्लोटिल्ड मागून ओरडली. "खुर्ची कोरडी आहे."

साहेब बसले.